सोलापूरला मेलेलं शहर म्हणणाऱ्यांसाठी

पुण्यात कुणालाही सांगा की मी सोलापूरचा, तर समोरचा आधी चादर म्हणतो, मग शेंगाचटणी, मग ऊन. ओळख जरा जास्त असेल तर "मोठं खेडं आहे हो तुमचं" हेही ऐकवतो. यात राग येण्यासारखं काही नाही. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ऐकणारा सोलापूरकर हसून मान डोलावतो आणि वर स्वतःच भर घालतो, "काय राह्यलंय बे तिथं? मिला गेल्या, गाव गेलं."

मी बार्शीचा. म्हणजे सोलापूरकरांच्या हिशेबानं अर्धा बाहेरचाच. पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर सोलापुरात नोकरीला लागलो आणि गेली वीसेक वर्षं याच जिल्ह्यात बातम्या करतोय. "सोलापूर मेलं" हे वाक्य मी सभेत ऐकलंय, रिक्षात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. आम्हा पेपरवाल्यांचं तर ते ठरलेलं हेडिंग आहे. ‘एकेकाळचे गिरणगाव आज भकास’ आणि खाली एका चिमणीचा फोटो, मागे ढग.

पोस्ट मोठी होणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी बाहेरच्यांची बाजू, कारण ती खोटी नाही. २००१ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ८,७२,४७८ होती. २०११ ला ती ९,५१,५५८ झाली. दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत अख्खा महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. शहरं सहसा राज्यापेक्षा वेगानं वाढतात, हे उलटं झालं. पोरं जन्मली, शिकली आणि पुण्याची गाडी पकडून गेली, एवढाच त्याचा अर्थ. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरवरून पाइपलाइन आलेली, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींच्या यादीत सोलापूरचं नाव आलं तेव्हा गावात पेढे वाटले आणि जोकही तेव्हापासूनच सुरू झाले.

हे सगळं मान्य. पण यातून "मिला गेल्या म्हणून गाव मेलं" हा जो निष्कर्ष काढतात, तो इतिहासाला धरून नाही, असं माझं मत आहे.

सोलापूरची नगरपालिका १८५२ ची. रेल्वे १८६० ला आली. पहिली मिल, जिला आपण जुनी मिल म्हणतो ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, १८७७ ला सुरू झाली. साल लक्षात घ्या. १८७६ ते ७८ हा दख्खनचा मोठा दुष्काळ. मुंबईचे शेठ मोरारजी गोकुळदास यांनी इथं मिल काढली ती काय सोलापूरच्या प्रेमापोटी नव्हे. कापूस जवळ, रेल्वे दाराशी, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून पोटासाठी निघालेली माणसं स्वस्तात मिळणार. त्यांच्या नावानं मुरारजी पेठ आजही आहे. तिथं राहणाऱ्या किती जणांना ते मुरारजी कोण होते हे माहीत असेल, हा भाग वेगळा.

आता मुद्दा असा की मिल येण्याच्या आधीपासून सोलापुरात कापड विणलं जात होतं. निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं इथं येत गेली ती हातमाग घेऊन. मिलचं सूत घ्यायचं, घरात माग टाकायचा, लुगडी विणायची. नवरा मागावर, बायको कांड्या भरणार, म्हातारा सूत उकलणार. पूर्व भागातली जुनी घरं बघा, पुढची खोली मागाच्या मापाची असते. माणसं मागच्या बाजूला राहायची, म्हणजे उरलेल्या जागेत.

म्हणजे जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा मिलांचा भोंगा गावात वाजत होता तेव्हाही निम्मं कापडकाम घरातच चालू होतं. पण बाहेरच्या माणसाला दिसायचं काय, तर चिमणी. ऐकू यायचं काय, तर भोंगा. म्हणून नाव पडलं गिरणगाव. घरातला माग कुठून दिसणार?

मिलचा काळ सोन्याचा होता असं आता सगळे म्हणतात. होताही काहींसाठी. पण सेटलमेंट विसरू नका. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला, त्या लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं आणि तिथून मिलमध्ये कामाला पाठवलं. हजेरी देऊन बाहेर पडायचं, हजेरी देऊन आत यायचं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. वस्तीचं नाव मात्र आजही सेटलमेंटच आहे. सोलापूरच्या वैभवाच्या भाषणांत हा मजूर कधी येत नाही.

आणि १९३०. यावर सोलापूरकराची छाती फुगते आणि ती फुगायलाच पाहिजे. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं, पोलीस पळाले, ९ ते ११ मे या दिवसांत इंग्रजांचं राज्य इथं नव्हतंच म्हणा. मग मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. कुर्बान हुसेन आमच्याच धंद्यातले, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे आणि मिल कामगारांत वावरायचे. इंग्रज सरकारच्या लेखी हे दंगेखोर कामगारांचं गाव होतं. बाहेरच्यांनी सोलापूरबद्दल एक मत करून घ्यायचं आणि ते पुढं कित्येक वर्षं चालवायचं, ही गोष्ट तेव्हापासूनची.

त्या मताचाच एक तुकडा आजही फिरतो. "युनियनबाजीनं मिला घालवल्या." हे वाक्य माझ्या ओळखीतले चांगले शिकलेले लोक बोलतात. त्यांना मी एक प्रकरण सांगतो, कारण ते सोलापुरात कुणाला आठवत नाही आणि देशभरातले कायद्याचे विद्यार्थी मात्र परीक्षेसाठी पाठ करतात.

जुनी मिल २७ ऑगस्ट १९४९ ला बंद पडली. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झालेली. हजारो लोक रस्त्यावर. केंद्र सरकारनं ९ जानेवारी १९५० ला, म्हणजे राज्यघटना लागू व्हायच्या सतरा दिवस आधी, फक्त या एका मिलसाठी वटहुकूम काढला. मिलचा कारभार ताब्यात घेतला, सरकारी संचालक नेमले. नंतर त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत काय कारण दिलंय? गैरव्यवस्थापन आणि दुर्लक्ष, त्यामुळं उत्पादनावर झालेला परिणाम आणि कामगारांत पसरलेली बेकारी. म्हणजे कारभार बिघडवला तो मालकांच्या बाजूनं, हे खुद्द सरकारनं कायद्यात लिहून ठेवलंय.

चिरंजितलाल चौधरी नावाचे शेअरहोल्डर सुप्रीम कोर्टात गेले. एका कंपनीपुरता कायदा कसा काय करता, समानतेचा हक्क कुठं गेला, असा त्यांचा सवाल. ४ डिसेंबर १९५० ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं तीन विरुद्ध दोन मतांनी याचिका फेटाळली. मग दुसरे शेअरहोल्डर, द्वारकादास श्रीनिवास. त्यांचा मुद्दा मालमत्तेच्या हक्काचा, की भरपाई न देता ताबा घेतला. १८ डिसेंबर १९५३ ला सुप्रीम कोर्टानं त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि कायदा घटनाबाह्य ठरवला. पुढं १९५५ ला चौथी घटनादुरुस्ती झाली, तिच्यामागं जे दोन-चार निकाल होते त्यातला हा एक.

एका बंद मिलवरून देशाची राज्यघटना बदलायची वेळ आली. सोलापुरात त्याची एक पाटीसुद्धा नाही.

जुनी मिल त्यानंतर काही काळ रडतखडत चालली आणि कायमची बंद झाली. बाकीच्या मोठ्या मिलांचा शेवट नव्वदच्या दशकात आणि त्याच्या आगेमागे. जुनी यंत्रं बदलली नाहीत, मिलपेक्षा यंत्रमागाचं कापड स्वस्त पडायला लागलं, आणि एका टप्प्यानंतर मालकांना कापडापेक्षा खालची जमीन जास्त मोलाची वाटायला लागली. हे फक्त सोलापुरात झालं नाही, मुंबईतही तेच झालं. फरक एवढाच की तिथं मिलच्या जागेवर टॉवर आले आणि आपल्याकडं बरीच वर्षं बाभळी आल्या.

पण काम कुठं गेलं? माझा सगळा प्रश्न इथंच आहे. ते मिलच्या गेटातून बाहेर पडलं आणि छोट्या-छोट्या खोल्यांत शिरलं. हातमागाची लुगडी गेली तशी जेकार्डची चादर आली, माग विजेवर गेले. मिलमध्ये हजारो माणसं एका छताखाली असायची. यंत्रमागाच्या शेडमध्ये आठ माणसं, शेजारच्या शेडमध्ये सात, मालक एकाच घरातले. माणसं मोजताना कारखाना कायद्याची हद्द लागू नये इतपत लहान. पगार आठवड्याला, हजेरी तोंडी. चादरीला जीआय मिळाला, पण ‘सोलापुरी’ म्हणून बाहेरची स्वस्त चादर बाजारात आली आणि इथल्या मागवाल्यांनी टॉवेल धरला. आज परदेशातल्या हॉटेलात अंग पुसणाऱ्याला माहीत नसतं की हा टॉवेल अक्कलकोट रोडवरून आलाय. शाळेचे गणवेशही तसेच. तुमच्या पोराच्या युनिफॉर्मची कॉलर कदाचित सोलापुरात शिवलेली असेल. ज्वारीची कडक भाकरी पॅकिंग होऊन पुण्या-मुंबईला जाते ती करणाऱ्या बायकाही याच गावात आहेत.

आणि बिडी.

मिलचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बिडीला तळटीपेत टाकलंय. मला वाटतं, गेल्या तीस वर्षांचं सोलापूर बिडीवर जगलं. मिलमध्ये एकेकाळी रिळिंग आणि वाइंडिंगच्या खात्यात बायका होत्या. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं, मालकांची आणि युनियनचीही मर्जी, यातून त्या हळूहळू बाहेर गेल्या. त्या गेल्या कुठं, हे कुणी विचारलं नाही. हजारो बायका घरी बसून बिड्या वळत होत्या, आजही वळतात. बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, पण सगळ्याच नव्हेत. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मांडीवर सूप. हजार बिड्यांवर मजुरी आणि त्यातून खराब म्हणून ज्या बाजूला काढल्या त्याचा पैसा नाही. बिडी कामगारांचा कायदा १९६६ चा आहे, पीएफ आहे, लॉगबुक आहे. कागदावर ती कामगार आहे. घरात मात्र तिचं काम म्हणजे "बसल्या-बसल्या दोन पैसे".

काही वर्षांपूर्वी एका स्टोरीसाठी पूर्व भागात एका निवृत्त जॉबरच्या घरी गेलो होतो. मिल बंद झाल्याचं ते तपशिलात सांगत होते. शेवटची पाळी, गेटवरची नोटीस, थकलेली देणी. मी वहीत लिहून घेत होतो. ते म्हणाले, "पाव्हणं, दोन वर्षं या घरात एक रुपया आला नाही बघा." दाराशी त्यांची बायको कात्रीनं पानं कापत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "मग दोन वर्षं माती खाल्ली काय आपण?"

जॉबर हसले, मीही हसलो. पण सोलापूरच्या इतिहासाची सगळी गडबड त्या एका प्रश्नात आहे. मिल बंद झाली की रुपया बंद झाला, असा हिशेब त्या माणसानं मनात पक्का केला होता. खोटं बोलत नव्हता तो. त्याला जो पगार वाटायचा तो बंद झाला होता. शेजारी बसून जे येत होतं ते त्याच्या हिशेबात नव्हतंच.

गाव स्वतःकडं असंच बघतं. बाहेरचे सोलापूरला नावं ठेवतात म्हणून आपण चिडतो, पण होटगी रोड आणि रेल्वे लाइन्सकडचा सोलापूरकर पूर्व भागाकडं कसा बघतो? पुणेकर सोलापूरकडं बघतो तसाच. "तिकडं काय, सगळी मागवाली, बिडीवाली." सात रस्त्यावर राहून अशोक चौकाच्या पुढं कधी न गेलेली माणसं मला माहीत आहेत. गावात उद्योग नाही म्हणून हळहळणारा माणूस रोज ज्या गल्लीतून जातो तिथं खटाखट माग चालू असतात. पण तो उद्योग वाटत नाही, कारण त्याला गेट नाही, एसी ऑफिस नाही, कंपनीची बस नाही.

याचा तोटा काय? नुसत्या अभिमानाचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. १८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जीव गेले. त्यात कारखान्याचा मालक होता, त्याच्या घरचे होते आणि कामगार कुटुंबातले लोकही. मालक आणि मजूर दोघंही आपल्या मशीनच्या आवारातच राहत होते. हा सोलापूरचा ‘उद्योगपती’, बघा. मोरारजी गोकुळदास मुंबईत राहायचे. आजचा टॉवेलवाला धाग्याच्या गठ्ठ्यांशेजारी झोपतो. काम घरात शिरलं आणि घर कामात शिरलं, तर आग लागल्यावर बाहेर पडायचा रस्ता कुठला, हे आधी कुणीतरी बघायला पाहिजे ना? गाव मेलंय असं एकदा ठरलं की तपासणीला तरी कोण जाणार?

बाहेरचे मोठे लोक येतात तेव्हा त्यांना काय दिसतं हेही मजेशीर आहे. २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग कुंभारीला आले, गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं बिडी कामगार बायकांना मिळाली. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदी आले, रे नगरमधली पहिली पंधरा हजार घरं दिली, आणि लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं. दोन्ही वसाहतींमागं माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांची अनेक वर्षांची धडपड आहे, राजकारण तुम्हाला पटो न पटो. पण एक बघा. देशाच्या दोन पंतप्रधानांनी सोलापुरात येऊन कामगाराला घर दिलं. त्या घरात जे काम चालणार त्याचं पुढं काय, यावर दोघांच्या भाषणात फारसं काही नव्हतं.

त्या दोन भेटींच्या मधल्या वर्षांत गावानं स्वतःच एक चिमणी पाडली. १५ जून २०२३, सिद्धेश्वर साखर कारखान्याची. विमानतळाच्या आड येते म्हणून. गाव उभं फुटलं होतं. विमान आलं की आयटी येईल, पोरं परत येतील, असं एक गाव म्हणत होतं. ऊस कुठं घालायचा, असं दुसरं गाव विचारत होतं. ती चिमणी खाली बसली तेव्हा टाळ्याही वाजल्या आणि लोक रडलेही. माझं विचाराल तर मला विमानाबद्दल आकस नाही, मीही बसेन. पण चिमणी उभी असली की गाव जिवंत आणि पडली की मेलं, किंवा चिमणी पाडली की गाव जिवंत होणार, ही दोन्ही भाषणं एकाच डोक्यातून निघालेली आहेत. दोघांनाही उंच काहीतरी दिसायला लागतं.

आज बिडीचं काम घटतंय. २०१७ ला लागलेला २८ टक्के जीएसटी, त्याआधी पाकिटावरच्या चित्रांचा वाद, आणि मुख्य म्हणजे तरुण पोरं बिडी ओढत नाहीत. बिडी संपली तर वाईट काय, तंबाखूच ती, असं म्हणणारे आहेत आणि त्यांच्या आरोग्याच्या मुद्द्याशी मला भांडायचं नाही. वळणाऱ्या बायकांच्या छातीतही तोच तंबाखू जातो. पण मिल बंद पडली तेव्हा निदान नोटीस लागली होती, मोर्चे निघाले होते, दिल्लीनं वटहुकूम काढला होता. बिडी बंद पडेल तेव्हा नोटीस लागणार नाही. आज हजाराची पानं मिळाली, उद्या सातशेची, परवा आठवड्यातून तीनच दिवस काम. एकेका घरात गुपचूप बंद होईल ते, आणि नवरे मंडळी सांगतील की आमच्याकडं तसंही बसल्या-बसल्याच चालायचं.

एक विनंती. अनेकांनी आजोबांचं मिलचं तिकीट, पितळी बिल्ला, पगाराचं पाकीट जपून ठेवलंय, फोटो टाकता, मी आवडीनं बघतो. आता आईचं, आज्जीचं बिडीचं लॉगबुक घरात कुठं आहे ते शोधा. बहुतेक ट्रंकेत असेल, रेशन कार्डाबरोबर. कुठल्या साली किती बिड्या, काय दर, किती कापले, हे सगळं त्यात असतं. नाव झाकून पानांचे फोटो मला इनबॉक्स करा. १९९० ते २०१० मधलं असेल तर आधी पाठवा. मिला बंद पडल्या त्या वर्षांत हे गाव काय खात होतं, त्याचा हिशेब मला लावायचाय.